तोडायचं, पण पेट्रोलपाशी थांबायचं

१९१३ साली एकाच अडचणीवर दोन उत्तरं निघाली. मोटारी भराभर वाढत होत्या. खनिज तेल उकळून त्याचे भाग वेगळे केले की त्यातून निघणारं पेट्रोल पुरेना, आणि खाली जड तेल मात्र नको तितकं उरायचं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या व्हायटिंगच्या रिफायनरीत विल्यम बर्टन यांनी हे जड तेल दाबाखाली तापवून फोडण्याची रीत बसवली. तिचं पेटंट त्या जानेवारीत मंजूर झालं आणि तेवढ्याच तेलातून निघणारं पेट्रोल जवळपास दुप्पट झालं. त्याच वर्षी जर्मनीत फ्रीडरिश बेर्गियुस यांनी वेगळ्याच रीतीचं पेटंट मागितलं. कोळसा किंवा जड तेल घ्यायचं, त्यावर हायड्रोजनचा प्रचंड दाब द्यायचा आणि मग तापवायचं. बर्टन यांची रीत स्वस्त होती, ती लगेच चालली. बेर्गियुस यांची महाग होती आणि तिला कारखान्यात उभं राहायला आणखी चौदा वर्षं लागली. आज ज्याला हायड्रोक्रॅकिंग म्हणतात त्याचं मूळ मात्र बेर्गियुस यांच्याकडे जातं.

दोन्ही रीतींमधला फरक हायड्रोजनच्या हिशेबाचा आहे. पेट्रोलमध्ये वजनाने साधारण १४ टक्के हायड्रोजन असतो, बाकी जवळजवळ सगळा कार्बन. ज्या जड तेलापासून ते करायचं, त्याला रिफायनरीत व्हॅक्यूम गॅस ऑइल म्हणतात. ते साधारण ३५० ते ५५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उकळतं आणि त्यात हायड्रोजन १२ टक्क्यांच्या आसपास असतो. कोळशात तर पाचेक टक्केच. म्हणजे जड तेलाचा लांबलचक रेणू मधोमध तोडला, तरी दोन्ही तुकड्यांना पेट्रोल व्हायला पुरेल इतका हायड्रोजन त्यात नसतो. मग एक तर थोडा कार्बन कोळशाच्या रूपात बाहेर टाकायचा आणि उरलेल्यात भागवायचं, किंवा हायड्रोजन बाहेरून आणून घालायचा. बर्टन यांची रीत आणि तिच्यानंतर आलेलं उत्प्रेरकी क्रॅकिंग, म्हणजे उत्प्रेरकाच्या मदतीने तोडणं, पहिल्या वाटेने गेलं. हायड्रोक्रॅकिंग दुसऱ्या वाटेने जातं. तेलाच्या वजनाच्या दोन ते चार टक्के हायड्रोजन त्यात खपतो आणि शंभर लिटर तेल घातलं तर एकशे दहा-पंधरा लिटर माल बाहेर येतो. ही काही जादू नाही. हलक्या तेलाची घनता कमी, एवढंच.

बेर्गियुस यांचे हक्क पुढे बीएएसएफ या रसायन कंपनीकडे आणि तिथून इगे फार्बेनकडे गेले. १९२७ मध्ये जर्मनीतल्या लॉयना इथला कारखाना चालू झाला. माथियास पीअर यांनी गंधकाने मरणार नाहीत असे मॉलिब्डेनम आणि टंगस्टनचे उत्प्रेरक शोधले, आणि १९३१ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेर्गियुस आणि कार्ल बॉश यांना मिळून उच्च दाबाच्या रसायनतंत्रासाठी मिळालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांचं बरंचसं पेट्रोल याच रीतीने कोळशापासून येत होतं. युद्ध संपलं, आखाती तेल स्वस्तात मिळायला लागलं आणि एवढ्या दाबाचा खर्च कुणाला परवडेना. ही रीत परत आली ती १९५९ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या शेव्हरॉनच्या ‘आयसोक्रॅकिंग’मधून. तोवर दोन गोष्टी बदलल्या होत्या. पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणाऱ्या रिफॉर्मिंगच्या युनिटमधून हायड्रोजन जोडउत्पादन म्हणून फुकटात मिळू लागला होता. आणि उत्प्रेरकी क्रॅकिंगमधून एक वलयी रेणूंनी भरलेलं, हट्टी तेल उरत होतं, जे पुन्हा त्याच युनिटमध्ये घातलं तरी नीट तुटत नव्हतं. हायड्रोजन घातला की ते वठणीवर येत होतं.

आता रिअ‍ॅक्टरच्या आत जाऊ. उभी, उंच, पोलादी नळी. भिंत वीतभर जाड किंवा त्याहूनही जाड, कारण आत १०० ते २०० बार दाब आणि ३५० ते ४३० अंश तापमान असतं. आत उत्प्रेरकाच्या बारीक कांड्यांचे थर एकावर एक रचलेले असतात. वरून गरम तेल आणि हायड्रोजन सोडतात आणि दोन्ही झिरपत खाली येतात. उत्प्रेरकाच्या आकारमानाइतकं तेल साधारण तासाभरात त्यातून जातं. घाई असेल तर अर्ध्या तासात, निवांत असेल तर दोन तासांत. या वेळात किती रेणू तुटले, कोणते तुटले आणि तुटलेले पुन्हा तुटले का, हे सांगणं हे अभिक्रियेच्या वेगाच्या शास्त्राचं काम.

हा शेवटचा प्रश्नच खरा. तेल तोडणं अवघड नाही. पुरेसं तापवलं तर ते आपसूक तुटतं. अवघड आहे ते मधेच थांबवणं. जड तेल तुटून पेट्रोल होतं, तसं पेट्रोल तुटून प्रोपेन-ब्यूटेन होतं, आणि फारच धसमुसळेपणा केला तर मिथेन. पेट्रोल हा शेवट नाही, मधला टप्पा आहे. घरात पाक करणाऱ्याला हे सांगायला नको: एकतारी पाक हवा असताना दोन मिनिटं जास्त आच लागली की तो दोनतारी होतो, आणखी लक्ष गेलं की गोळीबंद, आणि मागे यायची सोय नसते.

हे आकड्यांत मांडता येतं, आणि सोप्यातल्या सोप्या मांडणीतसुद्धा बरंच काही हाती लागतं. समजा जड तेल तुटून पेट्रोल होण्याचा वेगांक एक आहे आणि पेट्रोल तुटून वायू होण्याचा त्याच्या एक पंचमांश. दोन्ही अभिक्रिया प्रथम कोटीच्या धरू, म्हणजे कोणत्याही क्षणी जेवढा माल शिल्लक असेल त्याच्या ठरावीक प्रमाणात तो तुटतो. सुरुवातीला जड तेल भरपूर, पेट्रोल शून्य. म्हणून पेट्रोल झपाट्याने वाढतं. पण जसजसं जड तेल संपत येतं आणि पेट्रोल साचत जातं, तसतशी आवक कमी आणि नासाडी जास्त होत जाते. एका क्षणी दोन्ही बरोबरीत येतात, तेच शिखर. या उदाहरणात शिखरावर पेट्रोल ६७ टक्के, न तुटलेलं जड तेल १३ टक्के आणि वायू २० टक्के. आणखी तेवढाच वेळ तेल आत ठेवलं, तर जड तेल जेमतेम दोन टक्के उरतं, पण पेट्रोल घसरून ५४ वर येतं. जास्त तोडलं आणि कमी मिळालं.

यात गंमत अशी की शिखराची उंची एकेका वेगांकावर अवलंबून नसते, दोघांच्या गुणोत्तरावर असते. पहिला दुसऱ्याच्या दसपट असेल तर ७७ टक्क्यांपर्यंत पेट्रोल मिळतं, दुप्पट असेल तर ५० टक्के, आणि दोन्ही सारखे असतील तर कितीही कसरत केली तरी ३७ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. म्हणून कुणी नुसतं ‘आमचा उत्प्रेरक दुप्पट वेगवान आहे’ असं सांगितलं तर रिफायनरीतला जाणकार हुरळून जात नाही. दोन्ही वेग दुप्पट झाले असतील तर शिखर लवकर येईल, उंच होणार नाही. रिअ‍ॅक्टर लहान बांधता येईल हा फायदा आहेच, पण तो वेगळा फायदा.

आणखी एक गोष्ट याच गणितातून निघते आणि ती रिफायनरीच्या रोजच्या कामात दिसते. शिखरापर्यंत जायचंच कशाला? त्याच उदाहरणात निम्मं जड तेल तुटल्यावर थांबलो, तर तुटलेल्या मालापैकी जवळपास ९३ टक्के पेट्रोल असतं. शिखरापर्यंत गेलो तर हेच प्रमाण ७७ टक्क्यांवर येतं. म्हणून पेट्रोल हवं असलेली युनिटं एका फेरीत सगळं तेल तोडायच्या मागे लागत नाहीत. अर्धं-पाऊण तोडतात, बाहेर काढून ऊर्ध्वपातनाने पेट्रोल वेगळं करतात आणि न तुटलेलं तेल पुन्हा आत पाठवतात. पंप, भट्टी, स्तंभ यांचा खर्च वाढतो, पण वायूत जाणारा माल वाचतो. कुठे थांबायचं हे मग रसायनशास्त्र एकटं ठरवत नाही. विजेचा दर आणि पेट्रोल-गॅसच्या किमतीतली तफावत हेही ठरवतात.

तेल असं फिरवत राहण्यालाही मर्यादा आहे. काही वलयी रेणू तुटण्याऐवजी एकमेकांना जोडले जातात आणि कोरोनीनसारखे सात वलयांचे, चोवीस कार्बनचे चपटे रेणू तयार होतात. ते प्रत्येक फेरीत थोडे थोडे साचतात, थंड होणाऱ्या नळ्यांत थर धरतात, उत्प्रेरकावर बसतात. म्हणून फिरत्या तेलातला थोडा भाग सतत बाहेर काढून टाकावा लागतो. कागदावर शंभर टक्के रूपांतर दिसतं, प्रत्यक्षात कधीच होत नाही.

वेग बदलायचा तर चालवणाऱ्याच्या हातात मुख्य साधन एकच, तापमान. दाब बांधणीच्या वेळीच ठरलेला असतो, तेलाचा प्रवाह वरून ठरून येतो. तापमानाने वेग किती बदलेल हे आऱ्हेनियस यांच्या सूत्रातल्या सक्रियण ऊर्जेवर ठरतं. युटा विद्यापीठातल्या कादर आणि हिल यांनी १९६९ मध्ये गॅस ऑइलच्या हायड्रोक्रॅकिंगसाठी ती मोलमागे २१.१ किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ८८ किलोज्यूल, असल्याचं मांडलं. या हिशेबाने ४०० अंशांवर तापमान दहा अंशांनी वाढवलं तर वेग सव्वापट होतो. इतरांनी वेगवेगळ्या तेलांवर आणि उत्प्रेरकांवर २०० किलोज्यूलच्या आसपासचे आकडेही दिलेत; तसं असेल तर त्याच दहा अंशांनी वेग एक पूर्णांक सात दशांश पट होतो. एवढी तफावत पाहून नव्या माणसाला वाटतं, कुणीतरी चुकलंय. बहुतेकदा कुणीच चुकलेलं नसतं. उत्प्रेरकाची कांडी जाड असेल आणि जड रेणूंना तिच्या छिद्रांत शिरायलाच वेळ लागत असेल, तर मोजलेला वेग हा अभिक्रियेचा कमी आणि आत शिरण्याचा जास्त असतो, आणि सक्रियण ऊर्जा खऱ्यापेक्षा पुष्कळ कमी दिसते. शिवाय ‘जड तेल’ हा एक पदार्थ नाहीच. तो हजारो प्रकारच्या रेणूंचा जमाव आहे. त्याकडे पुन्हा येऊ.

आधी हे पाहू की मगाचं ते गुणोत्तर, म्हणजे जड तेल तुटण्याचा वेग आणि पेट्रोल तुटण्याचा वेग यांतला फरक, येतो कुठून. मला स्वतःला या सगळ्या विषयातला सर्वांत सुरेख भाग हा वाटतो.

हायड्रोक्रॅकिंगचा उत्प्रेरक दुहेरी असतो. एक बाजू धातूची: निकेल-मॉलिब्डेनम किंवा निकेल-टंगस्टन यांची सल्फाइडं, किंवा तेल अगदी स्वच्छ असेल तर पॅलेडियम, प्लॅटिनम. दुसरी बाजू आम्लधर्मी: सिलिका-अ‍ॅल्युमिना किंवा वाय जातीचा झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांनी भरलेला स्फटिक. संपृक्त रेणू आधी धातूवर येतो आणि दोन हायड्रोजन गमावून असंपृक्त होतो. मग तो आम्लस्थानावर जातो, एक प्रोटॉन घेऊन धनभारित होतो. या अवस्थेत त्याचा सांगाडा सैल होतो आणि सरळ साखळीला फांद्या फुटतात. पुरेशा फांद्या फुटल्या की साखळी ठरावीक ठिकाणी तुटते. तुकडे पुन्हा धातूवर येतात, हायड्रोजन घेतात, संपृक्त होतात आणि निघून जातात.

साखळी कुठे तुटेल हे धनभार कुठे आहे यावरून ठरतं: भार असलेल्या कार्बनला लागून जो बंध, त्याच्या पुढचा बंध तुटतो. आणि तुटण्याआधी व तुटल्यानंतर दोन्ही वेळा भार तृतीयक कार्बनवर, म्हणजे तीन इतर कार्बनना जोडलेल्या कार्बनवर, असेल तर हे तुटणं सगळ्यांत वेगाने होतं. बाकीचे मार्ग त्याच्या मानाने कितीतरी मंद. आता कागद-पेन्सिल घेऊन अशी रचना काढून बघा. दोन्ही वेळा तृतीयक भार हवा तर रेणूला तीन फांद्या लागतात आणि किमान आठ कार्बन लागतात. सात कार्बनच्या रेणूत ती रचना बसतच नाही. म्हणजे सोळा-वीस कार्बनची साखळी या जलद मार्गाने धडाधड तुटते, पण तुकडे सहा-सात कार्बनपर्यंत आले की जलद मार्ग बंद होतो आणि मंद मार्गच उरतात. पेट्रोलचे रेणू साधारण पाच ते दहा-अकरा कार्बनचे. पेट्रोलपाशी थांबण्याची निम्मी सोय रेणूच्या भूमितीनेच करून ठेवली आहे! आणि आठ कार्बनचा रेणू या मार्गाने तुटला तर चार-चारचे दोन तुकडे पडतात. म्हणून हायड्रोक्रॅकरच्या वायूत फांदीदार आयसोब्यूटेन भरपूर आणि मिथेन-इथेन नावापुरते. जिथे मिथेन वाढलेला दिसतो तिथे समजावं की उत्प्रेरकाऐवजी नुसती उष्णता तोडफोड करते आहे.

उरलेली निम्मी सोय धातू आणि आम्ल यांच्या समतोलात आहे. धातू बलवान असेल तर तुटलेला तुकडा चटकन हायड्रोजन घेऊन सुटतो. धातू कमी पडला तर तुकडा आम्लस्थानावरच रेंगाळतो आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तुटतो. जड रेणूंचीही मदत होते: ते पृष्ठभागाला जास्त घट्ट चिकटतात आणि हलक्यांना हुसकावून लावतात, म्हणून जोवर जड तेल शिल्लक आहे तोवर पेट्रोलच्या रेणूंना पुन्हा तुटायला जागाच मिळत नाही. वाय झिओलाइटच्या खिडक्या ०.७४ नॅनोमीटरच्या, आतली पोकळी साधारण १.३ नॅनोमीटरची. झिओलाइट जास्त घातला की माल पेट्रोलकडे झुकतो. डिझेल हवं असेल तर आम्लता कमी करावी लागते, म्हणजे एक टप्पा आधीच थांबता येतं. आपल्याकडे इंडियन ऑइलच्या गुजरात रिफायनरीत १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात देशातला पहिला हायड्रोक्रॅकर आला, आणि तेव्हापासून आपल्याकडचा भर मुख्यतः डिझेल आणि विमानाच्या इंधनावर राहिला. कॅलिफोर्नियात मात्र पेट्रोल हेच लक्ष्य होतं.

दाबाचं एक कोडं इथेच सुटतं. शुद्ध संपृक्त साखळीवर प्रयोग केला तर हायड्रोजनचा दाब वाढवल्यावर वेग कमी होताना दिसतो, कारण पहिलीच पायरी हायड्रोजन सोडण्याची आहे आणि भोवती हायड्रोजन दाटला की ती अडते. मग एवढ्या जाड भिंतींवर पैसे का ओतायचे? कारण खऱ्या तेलात वलयी रेणू असतात, आणि हायड्रोजन कमी पडला की ते उत्प्रेरकावर कोळसा होऊन बसतात. शिवाय नायट्रोजन असतो. क्विनोलीनसारखी नायट्रोजनयुक्त संयुगं आम्लस्थानांवर ठाण मांडतात आणि उठत नाहीत. म्हणून बहुतेक ठिकाणी आधी एक वेगळा रिअ‍ॅक्टर किंवा वेगळे थर असतात, जिथे हायड्रोजनने गंधक आणि नायट्रोजन काढून टाकतात. तोडण्याचं काम त्यानंतर. साखळीचा वेग थोडा कमी झाला तरी चालेल, पण उत्प्रेरक दोन-तीन वर्षं जगला पाहिजे, असा तो सौदा आहे.

आता त्या जमावाकडे. व्हॅक्यूम गॅस ऑइलमधल्या प्रत्येक रेणूचं समीकरण लिहिणं शक्य नाही, म्हणून रेणूंचे गट करतात. मोबिलच्या वीकमन आणि नेस यांनी १९७० च्या सुमारास उत्प्रेरकी क्रॅकिंगसाठी तीनच गट धरले: जड तेल, पेट्रोल, आणि वायू-कोळसा. वर आपण जे उदाहरण घेतलं ते त्याचंच बाळबोध रूप. त्यांच्या मांडणीत एक विचित्र गोष्ट होती: जड तेलाचं तुटणं द्वितीय कोटीचं. दोन रेणू एकमेकांवर आपटून तुटत नाहीत, मग द्वितीय कोटी कुठून आली? उत्तर असं, की आधी सहज तुटणारे रेणू तुटतात आणि मागे चिवट उरतात, म्हणून सरासरी वेग अपेक्षेपेक्षा लवकर मंदावतो. प्रत्येक रेणू प्रथम कोटीनेच तुटत असतो, पण जमाव एकत्र मोजला की द्वितीय कोटीचा भास होतो. परीक्षेत हा प्रश्न फार क्वचित येतो, आणि यायला हवा.

हायड्रोक्रॅकिंगसाठी शेव्हरॉनच्या स्टेंजलँड यांनी १९७४ मध्ये वेगळी वाट घेतली. तेलाचे उत्कलनबिंदूप्रमाणे अनेक बारीक पट्टे करायचे, प्रत्येक पट्टा तुटून त्याच्या खालच्या पट्ट्यांत कसा वाटला जातो याचं मोजक्या आकड्यांचं सूत्र लिहायचं. उत्कलनबिंदू कोणत्याही प्रयोगशाळेत मोजता येतो, म्हणून ही रीत टिकली. १९९६ मध्ये लक्ष्मीनरसिंहन, वर्मा आणि रामचंद्रन यांनी पट्ट्यांच्या जागी सलग वक्रच धरला. म्हणजे रेणूंचे गट नाहीत, तर वेगांकांचीच सलग विभागणी, आणि ती काळानुसार हलक्या बाजूला सरकत जाते. दुसऱ्या टोकाला बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात फ्रोमां यांच्या गटाने धनभारित रेणूची एकेक पायरी मोजायचा ध्यास घेतला, आणि मोबिलच्या क्वान आणि जॅफी यांनी १९९२ मध्ये रेणूंची रचनाच आकड्यांत मांडली. यांतलं कोणतं बरोबर? युनिट चालवणाऱ्याला पट्टे पुरतात. पण पट्ट्यांचा वेगांक हा निसर्गाचा स्थिरांक नाही. तो त्या तेलाचा, त्या उत्प्रेरकाचा आकडा आहे. तेल बदललं की तो पुन्हा काढावा लागतो, आणि हे विसरून जुनाच आकडा नव्या तेलाला लावणं ही या क्षेत्रातली नेहमीची फसगत आहे.

वर उल्लेख आलेले पी. ए. रामचंद्रन आधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. तिथल्याच आर. व्ही. चौधरी यांच्यासह त्यांनी लिहिलेलं, वायू, द्रव आणि घन एकत्र असलेल्या उत्प्रेरकी रिअ‍ॅक्टरांवरचं पुस्तक १९८३ मध्ये आलं आणि जगभर वापरलं गेलं. हायड्रोक्रॅकर अगदी असाच रिअ‍ॅक्टर: घन कांड्या, त्यावरून झिरपणारं तेल, आजूबाजूला हायड्रोजन. इथे वेग फक्त रसायनाने ठरत नाही. तेल सगळ्या कांड्यांवर सारखं पसरलं का, हायड्रोजन तेलाच्या पातळ थरातून पार होऊन आत पोहोचला का, हे तितकंच महत्त्वाचं. तेल एका बाजूने वाट काढून गेलं आणि एखादा कोपरा अर्धवट ओला राहिला, तर त्या कोपऱ्यात थोडंसं तेल खूप वेळ राहतं आणि तो भाग तापायला लागतो.

तापण्याची गोष्ट गंभीर आहे. बंध तोडण्यात उष्णता खर्च होते, पण हायड्रोजन जोडला जाताना त्यापेक्षा जास्त बाहेर पडते. एकूण अभिक्रिया उष्मादायी. तापमान वाढलं की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी उष्णता, आणि वेगाची वाढ घातांकी असते, तर उष्णता वाहून नेण्याची क्षमता फारशी वाढत नाही. २०० किलोज्यूलच्या हिशेबाने ४०० वरून ४३० अंशांवर जाताना वेग साडेचार पट होतो. म्हणून उत्प्रेरक एकाच उंच थरात न ठेवता अनेक थरांत विभागतात आणि मधल्या जागेत थंड हायड्रोजन सोडतात. त्याला क्वेंच म्हणतात. चालवणाऱ्यांचा एक नियमही याच गणितातून आला आहे: भार वाढवायचा तर आधी तेल वाढवा, मग तापमान, कमी करायचा तर आधी तापमान उतरवा, मग तेल. उलटं केलं तर कमी तेल जास्त वेळ, जास्त आचेत राहतं.

कॅलिफोर्नियात मार्टिनेझजवळच्या टॉस्कोच्या एव्हन रिफायनरीत २१ जानेवारी १९९७ च्या संध्याकाळी हे गणित हाताबाहेर गेलं. दुसऱ्या टप्प्यातल्या तिसऱ्या रिअ‍ॅक्टरच्या चौथ्या थरात तापमान चढायला लागलं आणि ते पाचव्या थरात पसरलं. कोणतंही तापमान ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे ४२७ सेल्सिअसच्या वर गेलं की दाब तातडीने सोडून द्यायचा, असा लेखी नियम होता. पण आकडे वेगवेगळ्या यंत्रणांवर वेगवेगळे दिसत होते, काही वर-खाली उड्या मारत होते, आणि काही तर रिअ‍ॅक्टरच्या पायथ्याशी असलेल्या पॅनेलवर जाऊनच वाचावे लागत. ते वाचायला गेलेला कर्मचारी तिथे असतानाच रिअ‍ॅक्टरमधून बाहेर जाणारा पाइप फुटला आणि पेटला. तो मरण पावला, ४६ जण जखमी झाले. पाइपचं तापमान १४०० फॅरनहाइटच्या, म्हणजे ७६० सेल्सिअसच्या पुढे गेलं असावं, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा निष्कर्ष होता. एवढ्या तापमानाला उत्प्रेरकाची गरजच उरत नाही. तेल नुसत्या उष्णतेने तुटतं, ते तुकडे हायड्रोजन खातात आणि प्रत्येक पायरीला आणखी उष्णता सुटते. अशा वेळी एकच गोष्ट उपयोगी पडते: दाब सोडणं, म्हणजे हायड्रोजनच काढून घेणं. क्वेंच वाढवून सावरू असं वाटत राहतं, तेवढ्यात वेळ जातो.

रोजच्या चालण्यात मात्र तापमान हळूहळूच वाढवतात. उत्प्रेरकावर कोळसा साचतो, धातूचे कण एकवटतात, वेग मंदावतो. तो भरून काढायला महिन्याला अंश-दोन अंश चढवतात. दोन-तीन वर्षांनी मर्यादा गाठली की युनिट बंद करून उत्प्रेरक बदलतात. या शेवटच्या महिन्यांत वायूचं प्रमाण वाढलेलं असतं आणि दुसरीही अडचण उभी राहते: वलयांना हायड्रोजन जोडणं ही दोन्ही दिशांनी चालणारी अभिक्रिया आहे, आणि तापमान वाढलं की तिचा तोल उलट दिशेला जातो. वेगाने जे कमावलं ते समतोलात गमवावं लागतं.

आणि एवढं करून बाहेर आलेलं सगळंच ‘पेट्रोल’ थेट पंपावर जात नाही. त्यातला हलका भाग फांदीदार असतो, त्याचा ऑक्टेन बरा असतो, तो सरळ मिसळता येतो. जड भागात, म्हणजे जड नाफ्थ्यात, संपृक्त वलयं भरपूर असतात आणि त्याचा ऑक्टेन कमी भरतो. तो रिफॉर्मरमध्ये पाठवतात. तिथे त्या वलयांमधला हायड्रोजन पुन्हा काढून घेतात, वलयं बेंझीनच्या कुळातली होतात, ऑक्टेन चढतो. सुटलेला हायड्रोजन नळीने परत हायड्रोक्रॅकरकडे येतो आणि तिथे पुढच्या जड तेलात खपतो.